मूल अनाथ होण्यापूर्वी

जोतिराव फुले यांनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, तेव्हा त्याचे दार पहिल्याने उघडले ते आईसाठी. फसलेल्या विधवेने तेथे यावे, निर्धोकपणे बाळंत व्हावे आणि मूल ठेवून जायचे की बरोबर न्यायचे हे तिचे तिने ठरवावे, अशी ती व्यवस्था होती. जोतिरावांच्या आसऱ्याला आलेल्या काशीबाई या विधवेचा मुलगा जोतिराव व सावित्रीबाई यांनी १८७४ साली दत्तक घेतला. तोच पुढे डॉक्टर झालेला यशवंत. या दत्तकाची कथा शाळेतल्या मुलांनाही ठाऊक असते. परंतु त्यामागचा क्रम, म्हणजे आधी आईला आधार आणि ती असमर्थ ठरली तरच मुलाला दुसरे घर, हा मात्र आज विस्मरणात गेला आहे.

कायद्याने या विषयात बरीच मजल मारली, हे मान्य केले पाहिजे. १९५६ च्या कायद्याने केवळ हिंदूंना दत्तकाचा अधिकार दिला. इतरांना १८९० च्या पालकत्वाच्या कायद्यावर समाधान मानावे लागे. सर्व धर्मीयांसाठी १९७२ साली संसदेत आलेले विधेयक धार्मिक विरोधात अडकले आणि १९७८ मध्ये मागे घेतले गेले. परदेशी पाठवल्या जाणाऱ्या मुलांविषयी वकील लक्ष्मीकांत पांडे यांनी लिहिलेल्या पत्रावरून सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये निर्णय दिला आणि मुलाला प्रथम देशातच घर शोधावे, असे बजावले. बालन्याय कायद्याने २००० सालापासून धर्माची अट दूर सारली. २०२१ च्या दुरुस्तीनंतर, म्हणजे सप्टेंबर २०२२ पासून, दत्तकाचा आदेश न्यायालयाऐवजी जिल्हाधिकारी देतात.

तरीही प्रतीक्षा संपत नाही. नोंदणी केलेल्या हजारो दांपत्यांना तीन वर्षांहून अधिक काळ थांबावे लागते, आणि २०२४-२५ या वर्षात संपूर्ण देशात ४,५१५ दत्तके झाली. यावरून कागदपत्रांची दिरंगाई संपली की बालगृहे रिकामी होतील, असा निष्कर्ष काढला जातो. तो फसवा आहे. बालगृहांतील पुष्कळ मुलांना आई किंवा बाप, निदान आजी किंवा मामा असतो. ही मुले अनाथ नाहीत. त्यांचे घर मोडकळीला आले आहे. त्यांना नवे आईबाप देण्याचा प्रश्न नसून आहे ते घर सावरण्याचा आहे. २०१५ चा बालन्याय कायदा स्वतःच सांगतो की, संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय होय. मग पहिला उपाय कोणता आणि तो कोणाच्या पदरात पडतो?

याचे उत्तर शोधायला पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या औद्योगिक पट्ट्यासारखी दुसरी जागा नाही. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, मागोमाग टेल्को आणि बजाज आली, १९७० ची नगरपालिका १९८२ मध्ये महानगरपालिका झाली. त्या काळच्या कायम कामगाराला क्वार्टर मिळे, भविष्यनिर्वाह निधी मिळे, आणि हळूहळू गावाकडची आई, धाकटा भाऊही येऊन राहत. कर्ता पुरुष गेला तरी मुलाभोवती चार माणसे उरत.

चाकणची वस्ती वेगळ्या पायावर उभी आहे. महाळुंगे, निघोजे, खराबवाडी येथील भाड्याच्या खोल्यांत मराठवाडा, विदर्भ, बिहार, उत्तर प्रदेश येथून आलेला कंत्राटी कामगार राहतो. कंत्राट संपले की कारखाना बदलतो, कारखान्याबरोबर खोलीही बदलते. अशा खोलीत बाप अपघातात दगावला तर त्याच्या बायकोपुढे दोनच वाटा असतात. गावी परतावे तर तेथे काम नाही. येथेच राहून दुसऱ्या पाळीत कामाला जावे तर मूल कोणाजवळ ठेवावे? शेजारीण चांगली असली तरी तीही पाळीलाच जाते. 'निदान पोटभर जेवेल, शिकेल,' एवढ्या आशेने मग मूल वसतिगृहात किंवा बालगृहात पोहोचते. आईने त्याला टाकलेले नसते, पण ते घराबाहेर गेलेले असते.

अशा आईसाठीच केंद्राच्या 'मिशन वात्सल्य'मध्ये प्रायोजकत्वाची तरतूद आहे. मूल घरीच राहावे म्हणून दरमहा ४,००० रुपये, आणि विधवेच्या मुलाला अग्रक्रम. संस्थेतील मुलाच्या निर्वाहासाठी दरमहा ३,००० रुपयांचे अनुदान ठरलेले आहे; म्हणजे धोरणाचा कल योग्य दिशेलाच आहे. परंतु २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागात ७२,००० आणि इतरत्र ९६,००० रुपये घातली आहे. हिशेब सोपा आहे: महिन्याला सहा हजार किंवा आठ हजार. कारखान्यातील अकुशल कामाचे किमान वेतनच याहून अधिक आहे. म्हणजे कंत्राटदाराने कायदा पाळून पगार दिला, की आई मदतीला अपात्र ठरते. तिने काम सोडले, तर पात्र ठरते. चाकण नगरपरिषदेची हद्द ओलांडून ग्रामपंचायतीच्या हद्दीत खोली घेतली, तर मर्यादा आणखी दोन हजारांनी खाली येते. खोलीचे भाडे मात्र त्या प्रमाणात उतरत नाही.

राज्याच्या बालसंगोपन योजनेला २०२३ मध्ये सावित्रीबाईंचे नाव देण्यात आले आणि तिचे अनुदान दरमहा २,२५० रुपये झाले. ही वाढ स्वागतार्हच होती. पण योजनेला कागद लागतात. शिधापत्रिका गावची, उत्पन्नाचा दाखला गावच्या तहसीलचा, आणि मूल चाकणला. जिल्ह्याची कार्यालये पुण्यात. प्रत्येक खेपेला एका दिवसाची हजेरी बुडते. जिचे पोट हजेरीवर आहे, तिला तीन खेपा म्हणजे आठवड्याचा किराणा.

यावर कोणी म्हणेल की, मर्यादा सैल केली तर गरजू नसलेलेही हात पुढे करतील. ही शंका अनाठायी नाही. तथापि गरज तपासण्याचे साधन म्हणजे घरी जाऊन केलेली चौकशी. तिची जागा उत्पन्नाचा एक आकडा घेऊ शकत नाही. ती चौकशी करणारी माणसे वाढवणे हा खर्च खरा, पण संस्थेत वाढलेल्या मुलाला अठराव्या वर्षी पुन्हा उभे करण्याचा खर्च त्याहून थोडा नसतो.

जेथे आईही उरलेली नाही, तेथे प्रतिपालक कुटुंबाची वाट आहे. २०२४ च्या सूचनांनी ती एकट्या व्यक्तीलाही मोकळी केली, आणि प्रतिपालकाने पुढे मूल दत्तक घेण्यासाठीची पाच वर्षांची अट दोनवर आणली. परंतु ज्या वस्तीत शेजारी वर्षाला बदलतो, तेथे अशी कुटुंबे आपोआप पुढे येणार नाहीत. जुन्या पिंपरी-चिंचवडमधील स्थिरावलेल्या घरांपर्यंत हे निमंत्रण शाळांमधून, महिला मंडळांमधून जावे लागेल.

करावयाच्या गोष्टी फार मोठ्या नाहीत. उत्पन्नाची मर्यादा किमान वेतनाशी जोडावी, म्हणजे वेतन वाढेल तशी तीही वाढेल. मूल जेथे राहते व शिकते तेथील शाळेचा दाखला रहिवासाचा पुरावा मानावा. बालकल्याण समितीने ठरावीक दिवशी चाकणला बैठक घ्यावी. आणि कारखान्यांनी, सामाजिक दायित्वाच्या निधीतून बालगृहाची इमारत बांधण्याइतकेच अगत्य, दुसऱ्या पाळीतल्या आईच्या मुलासाठी रात्रीचे पाळणाघर चालवण्यात दाखवावे.

दत्तक हे पुण्याचे काम आहे, यात संशय नाही. परंतु ज्या मुलाची आई जिवंत आहे आणि त्याला जवळ ठेवू इच्छिते, त्याला अनाथांच्या यादीत जाण्यापासून रोखणे हे त्याच्या आधीचे काम आहे. फुल्यांच्या घराचे दार आईला पाहून उघडत असे. आजच्या योजनेच्या दारावर मात्र तिला आधी उत्पन्नाचा दाखला विचारला जातो, आणि तो दाखवताच दार मिटते.