सेनापूरच्या गव्हाचा हिशेब

ज्याच्या शेताचा एकरी उतारा कमी, तो शेतकरी आळशी किंवा अडाणी असला पाहिजे, असा निवाडा शहरात बसून फार लवकर दिला जातो. या निवाड्याची कसून परीक्षा झाली ती उत्तर प्रदेशातील जौनपूर जिल्ह्यात, सेनापूर या गावी. डेव्हिड हॉपर हे कॅनडाचे अर्थशास्त्रज्ञ १९५० नंतरच्या दशकात तेथे राहिले आणि गहू, जव, वाटाणा व हरभरा या चार रब्बी पिकांचा जमाखर्च त्यांनी टिपून घेतला.

जमीन, बैल, मजुरी आणि पाणी ही शेतकऱ्याची पुंजी. समजा, जवाच्या रानातील बैलांचे काही तास काढून गव्हाला दिले, तर एकूण मिळकत वाढेल काय? वाढत असेल, तर शेतकऱ्याचा हिशेब चुकला. हॉपर यांना आढळले ते असे की, अशा फेरफारातून फारसे काही हाती लागण्याजोगे नव्हते. ही वाटणी त्या शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाने जवळजवळ बिनचूक बसविली होती. थिओडोर शुल्ट्झ यांनी १९६४ साली आपल्या ग्रंथात हाच दाखला घेऊन, पारंपरिक शेतकरी गरीब असला तरी कार्यक्षम असतो, असे प्रतिपादन केले.

यावर आक्षेप आहे, आणि तो रास्त आहे. गावाची सरासरी चोख निघाली म्हणजे प्रत्येक शेतकरी चोख ठरत नाही. शिवाय साधनांची वाटणी बरोबर असणे निराळे, आणि त्याच साधनांतून पुरेपूर पीक काढणे निराळे. हा भेद फॅरेल या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १९५७ सालीच स्पष्ट केला होता. दोघे शेजारी सारखेच बी आणि सारखेच पाणी वापरतात. पण एकाची पाळी वेळेवर पडते, दुसऱ्याची आठ दिवस चुकते, आणि खळ्यावर पोती कमीजास्त भरतात.

तरीही कमी उताऱ्याचे मूळ बहुधा बियाण्यात होते. उंच वाढणाऱ्या देशी गव्हाला खत जास्त झाले की पीक लोळते. तेव्हा खताला हात आखडणे यात शहाणपणच होते. १९६६ साली मेक्सिकोहून बुटक्या गव्हाचे १८,००० टन बी आले. ते खत पचवून उभे राहणारे होते. १९६४-६५ साली देशात सुमारे १ कोटी २३ लक्ष टन गहू पिकला होता. १९७०-७१ साली २ कोटी ३८ लक्ष टन पिकला. पण हे बी उथळ पेरावे लागते आणि तीन आठवड्यांच्या सुमारास पहिले पाणी चुकवून चालत नाही. आजोबांच्या अनुभवात यांतले काही नव्हते. कालचा वाकबगार शेतकरी काही हंगाम नवशिका झाला.

पूर्व उत्तर प्रदेशात आज अडचण आहे ती तारखेची. भाताचे शेत उशिरा मोकळे होते, गव्हाची पेरणी डिसेंबरात जाते, आणि दाणा भरण्याच्या वेळी मार्चचे ऊन गाठते. उताऱ्याच्या तक्त्यात ही सारी तूट गहू पेरणाऱ्याच्याच नावावर पडते.