घरच्या घरी योगासने : व्हिडिओ निवडावा कसा?

(बी. ए. द्वितीय वर्ष)

पूर्वी योगासने शिकायची म्हणजे गुरूच्या दारी जावे लागे. आज गुरूच मोबाईलवर बसून आपल्या घरी येतो. खेड्यापाड्यातील माणसाला ही सोय मोठीच आहे. परंतु तिच्यात एक उणीव आहे. समोरचा गुरू शिष्याकडे पाहतो, 'थांब, गुडघा दुखतो का?' असे विचारतो. पडद्यावरचा गुरू आपल्याकडे पाहत नाही. म्हणून पाहण्याचे ते काम आपल्यालाच करावे लागते.

हे मी चुकीतून शिकले. कापूस वेचणीच्या दिवसांत आईची कंबर दुखत होती. मी हौसेने 'नवशिक्यांसाठी' असे नाव असलेला एक व्हिडिओ तिला लावून दिला. पहिल्याच पाच मिनिटांत पायाची बोटे धरायला सांगितले. आई म्हणाली, "अगं, वावरात दिसभर वाकतेच की मी. घरी येऊनबी वाकायचंच का?" मी हसले. तिने माझ्या शब्दाखातर केले आणि दोन दिवस तिची मजुरी बुडाली. दोष त्या व्हिडिओचा नव्हता, निवडणारीचा होता. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्यासाठी जे सोपे, ते दिवसभर वाकणारीसाठी सोपे असतेच असे नाही.

योग सर्वसामान्य माणसाच्या घरात नेण्याचे काम आपल्या महाराष्ट्रात शंभर वर्षांपासून चालू आहे. श्री योगेंद्र यांनी १९१८ साली मुंबईत 'द योग इन्स्टिट्यूट' सुरू केली, ती संन्याशांसाठी नव्हे तर संसारी माणसांसाठी. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन केले आणि क्ष-किरण व रक्तदाबाच्या उपकरणांनी योगक्रियांचा अभ्यास केला. पुण्यात बी. के. एस. अय्यंगार यांनी दोरी, ठोकळे, घोंगडी आणि खुर्ची यांचा आधार देऊन ताठ शरीराच्या माणसालाही आसन करता येईल अशी रीत घालून दिली. १९७५ पासून त्यांची संस्था तेथे आहे. या तिघांच्या वाटा वेगळ्या, पण बोध एकच : आसन माणसासाठी आहे, माणूस आसनासाठी नाही.

आता व्हिडिओ निवडायचा कसा? तो आधी एकदा बसून पूर्ण पाहावा, पाहता पाहता करू नये. पाहताना काही गोष्टी तपासाव्यात. शिकवणारा आरंभी मान, खांदे, कंबर, गुडघे मोकळे करवून घेतो काय? हे आसन कोणी करू नये, ते सांगतो काय? ज्याला जमत नाही त्याला सोपा पर्याय दाखवतो काय? श्वास केव्हा घ्यावा व सोडावा, हे बोलतो काय? शेवटी शवासनाला वेळ देतो काय? आणि भाषा इतकी सोपी आहे काय, की डोळे मिटूनही नुसत्या ऐकण्यावर करता यावे? ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी ही शेवटची कसोटी सर्वांत महत्त्वाची. पुस्तक त्यांच्या कामाचे नाही, आवाज आहे. 'सात दिवसांत पोट कमी' असे सांगणारा व्हिडिओ मात्र खुशाल सोडून द्यावा.

२१ जून हा आंतरराष्ट्रीय योग दिन २०१५ पासून साजरा होतो. त्यासाठी आयुष मंत्रालयाने ठरवलेला सुमारे पाऊण तासाचा क्रम नवशिक्याने नमुन्यादाखल पाहावा. त्यात आसनांबरोबर सावधगिरीच्या सूचनाही आहेत. पाठीचे दुखणे असेल तर पादहस्तासन टाळावे, गुडघे दुखत असतील तर वज्रासन टाळावे, उच्च रक्तदाब किंवा हृदयविकार असल्यास कपालभाती करू नये. गरोदर स्त्रिया व शस्त्रक्रिया झालेले यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीच सुरू करू नये.

साधनांसाठी पैसा लागत नाही. चटईवर सतरंजी, उशीऐवजी गोधडीची घडी आणि आधाराला भिंत पुरे. पोट रिकामे असावे. आरंभी दहा-पंधरा मिनिटे खूप झाली. ताण जाणवला तर चालेल, पण कळ आली की थांबावे. अति तेथे माती, ही म्हण येथेही खरी आहे.

आई आता ताडासन, मकरासन आणि शवासन एवढेच करते. ती म्हणते, "निजायला शिकवणारी शाळा पहिल्यांदाच पाहिली." दिवसभर राबणाऱ्या शरीराला विसावा शिकवणे, हाही योगच आहे असे मला वाटते. आपल्यापैकी अनेकजण शनिवारी गावी जातात. गावात मोबाईलला रेंज असतेच असे नाही. तेव्हा जाण्यापूर्वी एक चांगला व्हिडिओ पाहून, पारखून मोबाईलमध्ये उतरवून घ्यावा. घरी तो लावून देऊन निघून जाऊ नये, शेजारी बसावे. पडद्यावरच्या गुरूला जे दिसत नाही, ते आपल्याला दिसेल.