ठिपक्यांचे अक्षर

‘अक्षर’ म्हणजे ज्याचा क्षय होत नाही ते, असे मराठीचा प्राध्यापक या नात्याने मी वर्गात दरवर्षी सांगत आलो आहे. पण जुन्या मिनिसंगणकांच्या छपाईयंत्रांचा नाद लागला आणि निराळाच प्रश्न पुढे आला: यंत्रात हे अक्षर राहते तरी कोठे? या प्रश्नाशी, वाचकहो, आपल्या देवनागरीचे नशीब बांधलेले होते.

मिनिसंगणक हा खोलीभर पसरलेल्या संगणकाचा धाकटा भाऊ. ‘डिजिटल’ कंपनीचा पीडीपी-8 हा 1965 साली 18,000 डॉलरला विक्रीस आला. त्याच्या जोडीला बहुधा टेलिटाइप 33 हे तारयंत्राच्या घराण्यातले यंत्र असे. त्यातल्या छोट्या नळकांड्यावर 64 चिन्हे कोरलेली. इंग्रजी, आणि तीही केवळ मोठ्या लिपीतली! वेग सेकंदाला 10 अक्षरे. संगणकाशी दुवा 20 मिलिअँपिअर विद्युत्प्रवाहाचा: प्रवाह चालू म्हणजे एक, तुटला म्हणजे शून्य. यंत्र मात्र ‘जरा थांबा’ असे उलट सांगू शकत नसे. छापणारा भाग ओळ संपल्यावर डावीकडे परतायला वेळ घेई. म्हणून आधी ‘मागे फीर’ आणि मग ‘कागद सरकव’ अशा आज्ञा देत. दुसरी पार पडेतो पहिलीला सवड मिळे. आज्ञांची ही जोडगोळी विंडोजच्या साध्या मजकुरात ओळीअखेर आजही नांदते आहे.

1970 साली आलेल्या सेंट्रॉनिक्स 101 ने हा मुकेपणा संपवला. आठ तारांवरून अख्खे अक्षर एकदम येई. ‘घ्या’ हे सांगायला एक तार, ‘पोचले’ अशी पोच द्यायला दुसरी आणि ‘कामात आहे’ हे कळवायला तिसरी. टपालखात्यालाही हेवा वाटावा अशी ही व्यवस्था! वेग सेकंदाला 165 अक्षरे. पण खरी नवलाई निराळीच होती. येथे अक्षर कोरलेले नव्हतेच; बारीक सुयांनी फितीवर टोचून, पाच गुणिले सात ठिपक्यांत ते तेथल्या तेथे घडे.

सुबकपणात मात्र बाजी मारली ती 1972 च्या डायब्लोच्या ‘डेझी’ चाकाने. फुलासारख्या चाकाच्या 96 पाकळ्या आणि एकेका पाकळीवर एकेक चिन्ह. कार्यालयीन पत्र अगदी टंकलेखनासारखे उतरे. पण जोडाक्षरे, मात्रा, उकार, रफार यांच्या आपल्या गोतावळ्याला 96 पाकळ्या कशा पुराव्यात?

ठिपक्यांना ती अडचण नव्हती. सात ठिपक्यांच्या उंचीत शिरोरेषा, वरची मात्रा आणि खालचा उकार दाटीवाटीने बसवणे अवघड होते, हे खरे. पुढे सुया 24 झाल्या, आणि अक्षराच्या संकेताऐवजी ठिपक्यांचा आराखडाच तारेवरून धाडता येऊ लागला. मग लिपी कोणती, हे यंत्राने ठरवायचे कारण उरले नाही. 1991 साली भारतीय मानक ब्यूरोने ‘इस्की’ ही भारतीय लिप्यांची संकेतपद्धती प्रमाण केली, तेव्हा कागदावरची वाट मोकळी झालेली होती.

डेझीचे अक्षर देखणे होते, ठिपक्यांचे ओबडधोबड. तरी मी कौल ठिपक्यांनाच देईन. अंगणात ठिपक्यांची रांगोळी घालणाऱ्या घरांना याचे कारण सांगायला नकोच. ठिपके तेच, त्यांतून काय साकारायचे, ते काढणाऱ्याच्या हाती असते.