लगाम
लगाम हा घोड्यास काबूत ठेवण्यासाठी त्याच्या डोक्यावर चढवला जाणारा साज आहे. त्यात डोक्याचे चामडी पट्टे, तोंडातील धातूचे कडियाळे आणि स्वाराच्या हातातील वाद्या असतात. वादी तुटल्यास घोडा अनावर होऊ शकतो. त्यामुळे स्वस्त लगाम घेतानाही चामड्याची पारख महत्त्वाची ठरते. चांगले चामडे वाकवल्यास तडकत नाही आणि त्याच्या कापलेल्या कडेला पापुद्रे सुटत नाहीत. वापरलेल्या लगामात बकलापाशी व कडियाळ्यापाशी दुमडलेला भाग आधी झिजतो. भाग सुटे मिळत असल्याने झिजलेला पट्टा तेवढा बदलून खर्च वाचवता येतो. उत्तर प्रदेशातील कानपूर हे भारतातील अशा साजाच्या उत्पादनाचे प्रमुख केंद्र असून तेथील साजाला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे.