अब्बा, पिच्चर बघू का?

पौषात पालच्या खंडोबाची यात्रा भरते. कराड तालुक्यातलं हे पाल आमच्या गावाहून पायी दोन तासांवर. आमच्या लहानपणी यात्रेत तंबूतले सिनेमे यायचे. दिवसा जीप फिरायची, कर्ण्यातून सिनेमाचं नाव पुकारलं जायचं. मी अकरा वर्षांचा असताना त्या कर्ण्यातून दादा कोंडके यांच्या ‘राम राम गंगाराम’ची हाळी आली. हा १९७७चा सिनेमा तंबूपर्यंत पोचायला चार वर्षं गेली होती.

अब्बा शिंपीकाम करायचे. मी विचारलं, ‘‘अब्बा, पिच्चर बघू का?’’ मशीन न थांबवता ते म्हणाले, ‘‘न्हाई. वंगाळ हाय. ल्हान पोरांनी बघायचा न्हाई.’’

मंडळी, दादांच्या सिनेमाची गंमत तुम्हाला ठाऊकच आहे. संवादात शिवराळ शब्द शोधून सापडायचा नाही. सरळ अर्थ घेतला तर सगळं सोवळं, आणि आडवा घेतला तर बायामाणसांनी तोंडाला पदर लावावा. सेन्सॉरनं कात्री लावायची तरी कुठं? १९७१च्या ‘सोंगाड्या’पासून त्यांच्या लागोपाठ नऊ सिनेमांनी रौप्यमहोत्सव केले. घरोघरी मोठी माणसं ते पाहत होती आणि घरोघरी पोरांना मनाई होती.

मी अर्थातच गेलो. तिकिटाला पैसे नव्हते, म्हणून मागच्या बाजूनं कनात उचलून आत शिरलो. तिथं पडद्याच्या पाठीमागे माझ्यासारखी पाच-सहा पोरं बसली होती. पडदा पातळ, त्यामुळे चित्र इकडूनही दिसायचं, फक्त उलटं. सुरुवातीला सेन्सॉरचं प्रमाणपत्र आलं, त्यातली अक्षरंही उलटी. सिनेमा पोरांचा की मोठ्यांचा, ते काही मला वाचता आलं नाही. पाऊण तास झाला असेल. एका संवादावर तंबू हसला, आणि त्या हसण्यात एक हसू माझ्या ओळखीचं निघालं. आधी खोकल्यासारखं सुरू होणारं, मग लांबणारं. पडद्याच्या पलीकडे अब्बा बसले होते.

मी घरी त्यांच्या आधी पोचलो. हा विषय आमच्यात पुढची वीस वर्षं निघाला नाही. अब्बा थकले तेव्हा एकदा मी विचारलंच, ‘‘मला का नेलं नव्हतं?’’ ते म्हणाले, ‘‘तुला कळलं असतं तर मला लाज. न्हाई कळलं तर तू अर्थ इचारला असतास.’’

पोरांनी पाहू नये असं आपण म्हणतो, त्यातलं कितीतरी खरं म्हणजे पोरांच्या शेजारी बसून आपल्याला पाहवत नाही.

आता सरकार याबाबत काय म्हणतं ते पाहू. मी साधा बी.ए. झालेला माणूस, वकील नव्हे. पण गरज पडली तेव्हा नियम काढून वाचले. १९५२च्या कायद्यानं सिनेमाचे मुख्य दोन गट होते. एक सर्वांसाठी, दुसरा फक्त प्रौढांसाठी. इंग्रजीत ‘यू’ आणि ‘ए’. प्रमाणपत्रावर देवनागरीत मोठा ‘अ’ दिसला की पुष्कळ जण दचकतात. तो ‘अ’ अनिर्बंधित या शब्दाचा, म्हणजे खुशाल बघा. प्रौढांचा सिनेमा ‘व’, वयस्कांचा. १९८३ पासून मधला ‘यूए’ गट आला. बारा वर्षांखालच्या मुलांना दाखवायचा की नाही, ते आईबापांनी ठरवायचं. २०२३ मध्ये कायदा बदलला, २०२४ मध्ये नवे नियम आले आणि या मधल्या गटाचे तीन भाग झाले. सात वर्षांपुढचे, तेरापुढचे आणि सोळापुढचे.

इथं एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. ‘ए’ प्रमाणपत्राच्या सिनेमाला अठराखालच्या मुलाला आत सोडता येत नाही. आईबाप शेजारी उभे राहून ‘आमची हरकत नाही’ म्हणाले तरी नाही. सोडलं तर थिएटरवाला गुन्हेगार. ‘यूए’चा आकडा मात्र थिएटरवाल्यासाठी नाहीच. तो फक्त आईबापांसाठी आहे, आणि तो पाळायला लावण्याचा अधिकार आईबाप किंवा पालक सोडून दुसऱ्या कुणाला नाही, असं कायद्यातच लिहिलं आहे. दहा वर्षांचं पोर घेऊन तुम्ही सोळापुढचा सिनेमा पाहायला गेलात तर दारावरचा माणूस त्या आकड्यावर बोट ठेवून तुम्हाला अडवू शकत नाही. ओटीटीवर २०२१च्या नियमांनी असेच आकडे आले, तेरा आणि त्यापुढच्यांना कुलूप लावायची सोयही आली. आमच्या घरात ते कुलूप कसं लावायचं ते फक्त धाकट्याला येतं!

हा धाकटा आम्हाला उशिरा झाला. १४ फेब्रुवारी २०२५ला ‘छावा’ लागला तेव्हा तो तेरा वर्षांचा होता. सांगलीत त्याच्या वर्गात दुसरा विषय नव्हता. शिवाजी सावंतांच्या कादंबरीवरचा सिनेमा, छत्रपती संभाजी महाराजांचा. महाराष्ट्रात लोक तान्ह्या पोरांसकट गेले. सिनेमा संपल्यावर खुर्चीपाशी हुंदके देणाऱ्या लहान मुलांची चित्रणं मोबाइलवर फिरत होती. प्रमाणपत्र होतं सोळापुढचं. १६८९ साली महाराजांचे जे हाल झाले ते शेवटी सविस्तर दाखवले आहेत, त्यासाठी.

धाकट्यानं विचारलं, ‘‘अब्बा, पिच्चर बघू का?’’ मी मोबाइल काढून त्याला तो आकडा दाखवला. ‘‘सोळा लिहिलंय. तू तेरा.’’ तो म्हणाला, ‘‘वर्गातला कुणीच सोळाचा नाहीये.’’ मी म्हणालो, ‘‘ते त्यांचे आईबाप बघतील.’’

आकडा खरा होता, पण माझं कारण ते नव्हतं. थिएटरांत घोषणा होत होत्या. त्या अंधारात कुणी औरंगजेबाला शिवी देताना त्याच्या नावासोबत आमच्या सगळ्यांचंच नाव घेतलं, आणि ते माझ्या पोरानं ऐकलं, तर? सप्टेंबर २०२३ मध्ये आमच्या सातारा जिल्ह्यातच पुसेसावळीला मोबाइलवरच्या मजकुरावरून काय झालं, एक तरुण जीव कसा गेला, ते मी विसरलो नव्हतो. हे तेरा वर्षांच्या पोराला कसं सांगायचं? म्हणून सोळाच्या आकड्यामागं लपलो. अब्बा ‘वंगाळ’ या शब्दामागं लपले होते तसाच.

मार्चच्या शेवटी त्याला घेऊन साताऱ्याला गेलो. अजिंक्यतारा चढलो. वाटेत सांगत होतो. हा किल्ला १७००मध्ये औरंगजेबानं घेतला, नाव आझमतारा ठेवलं, पण ते टिकलं नाही. संभाजीराजांचे शाहू लहानपणी त्याच्या छावणीत कैदेत गेले, १७०७मध्ये सुटले, आणि पुढच्याच वर्षी याच साताऱ्यात त्यांचा राज्याभिषेक झाला. धाकटा गप्प होता. वर तटावर बसलो तेव्हा म्हणाला, ‘‘अब्बा, औरंगजेब आपला कोण लागतो?’’

‘‘कोणी नाही.’’

‘‘मला एकानं विचारलं होतं.’’

मग मी माझं खरं कारण त्याला सांगितलं. पुसेसावळीचंही सांगितलं. तंबूतल्या पडद्यामागचं आणि त्याच्या दादांच्या हसण्याचंही सांगितलं, त्यावर तो खूप हसला. मग थोड्या वेळानं म्हणाला, ‘‘मी बघितलाय.’’

पहिल्याच आठवड्यात. शेजारच्या मित्राच्या घरच्यांबरोबर. आम्हाला शिकवणी सांगितली होती.

‘‘घोषणा झाल्या?’’

‘‘झाल्या. संभाजी महाराज की जय. मी पण दिली.’’

‘‘आणि शेवटी?’’

‘‘शेवटी काकूंनी आमच्या दोघांच्या डोळ्यांवर हात ठेवले. एक त्याच्या, एक माझ्या.’’

‘‘मग काही दिसलं नाही?’’

‘‘नाही,’’ तो म्हणाला. ‘‘आवाज येत होता.’’