पत्त्यातला कॅम्प

उल्हासनगर हे नाव सरकारने दिलं, पण लोकांच्या तोंडी कॅम्पच राहिला. माझी सगळी नोकरी तिथे टपालाच्या बटवड्यात गेली, त्यामुळे हे ऐकीव नाही. कल्याण स्टेशनबाहेर रिक्षावाल्याला ‘उल्हासनगर’ म्हणून बघा. तो लगेच विचारेल, “कितवा कॅम्प?”

दुसऱ्या महायुद्धात लष्कराने कल्याणजवळ छावणी उभारली. युद्ध संपलं, बॅरेकी रिकाम्या पडल्या. मग फाळणी झाली आणि कराचीहून बोटी भरभरून सिंधी कुटुंबं मुंबईला उतरू लागली. सुमारे एक लाख माणसं ठेवायला सरकारला ही आयती छपरं सापडली. लांबलचक बॅरेकीत मध्ये गोणपाट नाहीतर साडी बांधायची, की इकडचं घर तुमचं, तिकडचं शेजाऱ्याचं. छावणीच्या पाच भागांचे एक ते पाच नंबर वस्तीला चिकटले ते चिकटलेच.

८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते नव्या शहराची पायाभरणी झाली. नाव घेतलं ते शेजारून वाहणाऱ्या उल्हास नदीचं. ना सिंधचं, ना जवळच्या आशेळे, माणेरे, म्हारळ या गावांचं. मला विचाराल तर ते शहाणपणाचं होतं. आलेल्यांच्या कपाळावरचा छावणीचा शिक्का पुसला आणि गाववाल्यांचं नावही कुणी उचललं नाही. पुढे १९५५ साली उल्हासनगर स्टेशन झालं, १९६० साली नगरपालिका आली.

शिक्का पुसला खरा, पण टपालावर नाही. १९७२ साली पिनकोड सुरू झाला तेव्हा इथल्या वाट्याला ४२१००१ ते ४२१००५ आले. शेवटचा आकडा म्हणजे सरळ कॅम्पचा नंबर! रुळांच्या पश्चिमेला एक, दोन, तीन; पूर्वेला चार आणि पाच. गठ्ठे लावताना आम्ही शेवटचा आकडाच तेवढा बघायचो.

खरी कसोटी बीटवर. पाकिटावर ‘बॅरेक नंबर अमुक, खोली तीन, सेक्शन तमुक’ लिहिलेलं, आणि समोर तीन मजली इमारत. खाली जीन्स शिवायचं युनिट, वर बिऱ्हाडं. बॅरेक पाडून जमाना झालेला. पण मीटरच्या पेटीशेजारी भिंतीवर लाल ऑइलपेंटने तोच जुना नंबर रंगवलेला असायचा. आडनाव वाचून उपयोग नसे. एका जिन्यात तीन-तीन लालवाणी. म्हणून वडिलांचं नाव बघायचं, नाहीतर खालच्या दुकानात विचारायचं. “अचो साईं, वेहो,” म्हणत म्हातारी अम्मा पाण्याचा पेला पुढे करायची. मनीऑर्डर कुणाची, हे तिला माझ्याआधी ठाऊक असे.

नव्या टॉवरांना आता ‘रेसिडेन्सी’, ‘हाइट्स’ अशी नावं पडलीत. ती पाटीवर छान दिसतात, पण पोस्टमनला घर सापडतं ते बॅरेक, सेक्शन, लालचक्की किंवा गोल मैदान या खुणांवरूनच. २०११ च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या पाच लाखांवर होती; एवढ्यांत एक ‘साई रेसिडेन्सी’ कुठे शोधायची? तेव्हा उल्हासनगरला काही पाठवायचं असेल, तर इमारतीचं नाव वाटल्यास गाळा, पण कॅम्पचा नंबर, सेक्शन आणि जवळची खूण एवढं न विसरता लिहा.