सायकलीचा हेडसेट : रूढ समजुती आणि वस्तुस्थिती

जुनी, पण सरळ आणि गंजाने न पोखरलेली चौकट हाती लागली आणि तिच्यावर आपल्या सोयीची सायकल उभी करावयाचे एखाद्याने मनावर घेतले, म्हणजे रिम, टायर, सीट, चेन अशा दृष्टीस पडणाऱ्या जिनसांची यादी तो मोठ्या उत्साहाने करतो. परंतु जिच्यावाचून चिमटा फिरणार नाही आणि हँडल वळणार नाही, ती वाट्या, कोन आणि मूठभर छर्रे यांची पुढच्या नळीतील जोडणी, म्हणजे हेडसेट, त्या यादीत बहुधा अखेरच्या ओळीत, तीही दुकानदाराने आठवण करून दिल्यानंतर, दाखल होते. परभणी जिल्ह्यात सायकल ही हौसेची वस्तू थोड्यांची आणि गरजेची वस्तू पुष्कळांची आहे. दुधाच्या कॅनी, गवताचे भारे, शेतावर जाणारा डबा आणि मानव विकास कार्यक्रमातून मिळालेल्या सायकलींवर शाळा गाठणाऱ्या मुलींची दप्तरे यांचा भार जेथे या छर्ऱ्यांवर रोज पडतो, तेथे किफायतशीर आणि टिकाऊ हेडसेट कोणता, हा प्रश्न क्षुल्लक खचित नव्हे. पण त्याचे उत्तर शोधताना ऐकीव समजुतीच अधिक आडव्या येतात.

जो महाग तो टिकाऊ, ही त्यांतील अग्रगण्य. चढ्या किमतीच्या हेडसेटमध्ये पैसा प्रायः वजन घटविण्यावर, झिलईवर आणि नाममुद्रेवर खर्ची पडलेला असतो. ॲल्युमिनियमच्या वाट्यांनी काही ग्रॅम वाचतात खरे, परंतु मागच्या कॅरिअरवर पंधरा-वीस किलोंचे ओझे लादून निघणाऱ्या इसमास त्या बचतीचे अप्रूप ते काय! बेअरिंगच्या अतिसूक्ष्म अचूकतेचे दाखलेही येथे गैरलागू ठरतात, कारण ताशी २० किलोमीटर वेगाने जाताना सायकलीचे चाक मिनिटास सुमारे दीडशे फेरे घेते, तर हेडसेट त्याच अवधीत डावीउजवीकडे काही अंशांपलीकडे हलतही नाही. पोलादाच्या कडक केलेल्या वाट्या, छर्रे जिच्यावर लोळतात ती गुळगुळीत घासलेली धाव आणि धूळपाणी अडविणारी कड, एवढे ज्यात आहे तो साधा संच अर्ध्या किमतीतही महागड्याच्या बरोबरीने टिकतो; मात्र पत्र्यासारख्या पातळ, मऊ लोखंडाच्या कमअस्सल वाट्या त्याहून स्वस्त मिळाल्या, तरी त्या घेणे ही काटकसर नव्हे.

दुसरी समजूत अधिक खोल रुजलेली आहे आणि तिच्यावर थोडे थांबणे जरूर आहे. हँडल सरळ रेषेत आले की तेथेच अडकल्यासारखे होते, किंचित वळविण्यासही हिसका द्यावा लागतो, ही तक्रार प्रत्येक सायकलस्वाराच्या परिचयाची आहे. आणि ‘खड्ड्यांनी वाट्यांत खळगे पाडले’ हे त्यावरचे ठरलेले निदान. वाट्या खोलून, पुसून, खालचा कोन उजेडाखाली हळूहळू फिरविला, तर त्याच्या धावेवर छर्ऱ्यांच्या अंतराने पडलेल्या बारीक खाचांची रांग खरोखरच दिसते. शिवाय या खाचा पुढच्या आणि मागच्या अंगास अधिक खोल, तर बाजूंस उथळ असतात. या रचनेतच खऱ्या कारणाचा माग लागतो. सरळ रस्त्यावर छर्रे लोळत नाहीत, ते एकाच जागी बसलेले असतात. चिमटा प्रत्येक धक्क्यागणिक पुढेमागे यत्किंचित लवतो आणि त्या सूक्ष्म हालचालीने छर्रा व धाव यांमधील ग्रीसचा पदर बाजूला सारला जाऊन उघडे पोलाद पोलादावर घासले जाते. अशा लक्षावधी सूक्ष्म घर्षणांनी धातू झिजून खाच पडते. याला एखादा खड्डा जबाबदार नाही, तर ग्रीस सुकल्यावर महिनोन्‌महिने चालू राहिलेली सायकल जबाबदार आहे. आघातानेच खळगे पडत असते, तर तसाच धक्का सोसणाऱ्या पुढच्या चाकाच्या छर्ऱ्यांनीही अशाच खाचा पाडल्या असत्या. तेथे त्या पडत नाहीत, कारण तेथील छर्रे सतत लोळत राहून आपल्यावर ग्रीसचा लेप नवा करून घेतात.

निदान बदलले की उपचारही बदलतो. वर्षातून एकदा, आणि पावसाळा संपल्यावर अवश्य, हेडसेट खोलून धुऊन नवे ग्रीस भरणे हाच मुख्य इलाज. खाचा पडल्याच असतील, तर तूर्त काम भागविण्याची एक जुनी युक्ती आहे: कड्यात बसविलेले छर्रे काढून त्यांच्या जागी त्याच मापाचे सुटे छर्रे भरावेत. संख्या व अंतर बदलल्यामुळे सर्व छर्रे एकाच वेळी सर्व खाचांत उतरत नाहीत आणि हँडल पुन्हा मोकळे फिरू लागते. सुटे छर्रे ग्रीसच्या थरात बोटाने एकेक टेकवीत वाटी भरावी आणि भरली की एक छर्रा कमी ठेवावा, म्हणजे ते एकमेकांवर दाटत नाहीत. कड्याचे छर्रे वापरावयाचे असल्यास कडे उलटे बसणार नाही याची खातरजमा करावी. उलटे कडे धावेवर घासते, आणि ही चूक सवयीच्या हातांकडूनही होते. चारदोन छर्रे झिजले म्हणून तेवढेच नवे घालण्याचा शिरस्ताही सोडावा. झिजलेल्यांच्या मानाने नवे छर्रे मोठे भरत असल्यामुळे सारा भार त्यांच्यावरच येतो. सायकलीस छर्ऱ्यांची बेअरिंग लावण्याचा एकाधिकार पॅरिसच्या जूल स्युरिरे याने १८६९ साली मिळविला, परंतु सर्व छर्रे एकाच मापाचे घासून काढणारे यंत्र जर्मनीतील श्वाइनफुर्ट येथे फ्रीड्रिख फिशर याने १८८३ मध्ये सिद्ध केल्यावरच त्या कल्पनेस स्वस्ताई आली. एकसारखेपणाचे मोल एवढे आहे.

हेडसेट सर्वत्र एकाच मापाचा असतो, हा समज तर सरळ पैशाचे नुकसान करतो. आपल्याकडील रोडस्टर सायकलींत चिमट्याच्या दांडीचा व्यास १ इंच, म्हणजे २५.४ मिलिमीटर असून तिच्यावर साधारणतः इंचाला २४ आटे असतात. परंतु रॅले कारखान्याच्या जुन्या सायकलींत २६ आट्यांची स्वतंत्र पद्धत होती, आणि एखाद्याच्या आजोबांची चौकट उजेडात आली असता नवा नट तिच्यावर दोन फेरे घेऊन अडतो, याचे कारण बहुधा तेच. १ इंची मापातही चौकटीत बसणारी वाटी एका पद्धतीत ३०.२ मिलिमीटरची असते, तर जपानी पद्धतीत ती ३० ची. चिमट्याच्या मुळाशी बसणारा कोन पहिल्या पद्धतीत २६.४ तर जपानीत २७ मिलिमीटरचा. ही तफावत डोळ्यांना दिसत नाही, पण व्हर्नियर लावला की लपत नाही. अलीकडच्या बऱ्याच सायकलींत दांडी १ १/८ इंच, म्हणजे २८.६ मिलिमीटरची आणि बिनआट्यांची असते. तिच्या बाह्य वाट्या बहुधा ३४ मिलिमीटरच्या नळीत बसतात. वाटी ढिली बसते म्हणून तिच्याभोवती पत्र्याची पट्टी गुंडाळण्याची तजवीज काही ठिकाणी केली जाते. ती थोड्या दिवसांत कुरकुरू लागते आणि नळीचे तोंड नाहक अंडाकृती करून ठेवते. मापाबरोबर संचाची एकूण उंचीही पाहावी, नाही तर नवा हेडसेट उंच निघून वरच्या लॉकनटास आटेच उरत नाहीत.

पत्र्याच्या आवरणातील बंद बेअरिंगला देखभालच नको, हे विधान विक्रेत्याच्या तोंडी शोभते. गोदावरी-पूर्णेच्या खोऱ्यातील काळी माती पाण्याने फुगणारी, अतिशय बारीक कणांची आहे. पुढच्या टायरवरून उडून ती नेमकी खालच्या वाटीच्या सांध्यात शिरते आणि ग्रीसमध्ये मिसळली की कानसेचे काम करू लागते. सर्व्हिसिंगच्या दुकानात दाबाच्या पाण्याने सायकल धुतली, तर तेच पाणी रबरी कड ओलांडून आत जाते. बंद बेअरिंगचा खरा लाभ हा, की खराब झाल्यावर वाट्यांना हात न लावता तेवढेच बदलता येते. म्हणून बेअरिंगच्या अंगावरचे माप आणि तिच्या कडेच्या उताराचे, अंशांतले आकडे बसविण्यापूर्वीच वहीत उतरवून ठेवावेत. चौकटीच्या नळीतच बेअरिंगची बैठक कोरलेली असेल, तर ती बैठक झिजली म्हणजे चौकटच निकामी होते. नवी सायकल उभारणाऱ्याने शक्यतो स्वतंत्र वाट्यांची चौकट पत्करावी.

घट्ट आवळले की भक्कम झाले, हा हिशेबही चुकीचा आहे. पुढचे चाक उचलून धरल्यास हँडल आपल्या वजनाने एका बाजूस सहज पडले पाहिजे, आणि पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे हलविल्यास खालच्या सांध्यावर ठेवलेल्या बोटास खटखट लागता कामा नये; या दोन कसोट्यांच्या मध्ये जी जागा आहे तीच योग्य. बिनआट्यांच्या हेडसेटमध्ये तर वरच्या टोपीचा बोल्ट हँडल धरून ठेवतो अशी पुष्कळांची समजूत असते. तो केवळ बेअरिंगवर माफक दाब देतो, आणि हँडल खरे धरतात ते स्टेमच्या, म्हणजे हँडल दांडीस जोडणाऱ्या तुकड्याच्या, बाजूचे बोल्ट. ते आवळलेले असताना टोपीशी झगडणे व्यर्थ होय. आधी ते सैल करावेत, टोपी बेताने बसवावी, मग ते आवळावेत.

वाट्या हातोडीने ठोकून बसविण्याची रीत सर्वपरिचित आहे, आणि तिच्यामुळेच चांगला संच पहिल्याच दिवशी आपले अर्धे आयुष्य गमावतो, कारण तिरपी बसलेली वाटी दुसरीशी कधीच समांतर राहत नाही. लांब आट्यांची सळई, दोन जाड वायसर आणि दोन नट एवढ्या सामग्रीवर कोणत्याही वेल्डिंगच्या दुकानात दाबयंत्र तयार होते. दोन्ही वाट्या एकाच वेळी न दाबता एकेक दाबावी, इतकेच पथ्य.

एवढे ध्यानात घेतले, तर खरेदीची बाब सोपी होते. रोडस्टरच्या चौकटीस पोलादी वाट्यांचा, सुट्या छर्ऱ्यांचा साधा संच पुरेसा आहे, कारण त्याचे छर्रे तालुक्याच्या कोणत्याही दुकानी मिळतात. बिनआट्यांच्या चौकटीस बाह्य वाट्यांचा, बदलता येणाऱ्या बंद बेअरिंगचा संच घ्यावा. उरलेले पैसे महागड्या नावावर न घालविता पुढच्या मडगार्डास खाली लांब फडकी लावण्यात खर्च करावेत. चिमटा चौकटीत घालण्यापूर्वी जुन्या ट्यूबचा दोन बोटे रुंद कापलेला गोल तुकडा पुढच्या नळीच्या खालच्या टोकावर चढवून ठेवावा आणि जोडणी पुरी होताच तो सांध्यावर ओढावा. चिखलास त्याची आड चांगली होते. मागाहून आठवले, तर मात्र तेवढ्यासाठी पुन्हा सारे खोलावे लागते.